११०५ हातात घेऊन: एखाद्या संख्येचे गुणधर्म क्रमाने आणि न चुकता कसे काढावेत

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या वह्यांमध्ये ११०५ बद्दल तीन वाक्यं पुन्हापुन्हा सापडतात. ‘११०५ = ५ × २२१, दोन्ही मूळ.’ ‘दोन वर्गांची बेरीज म्हणून ३२ प्रकारे लिहिता येते.’ आणि ‘फर्माची कसोटी (ती पाचव्या टप्प्यात येईल) लागू पडते, म्हणून मूळ संख्या.’ तिसरं वाक्य लिहिणाऱ्याने शेवटच्या ५ कडे पाहिलंच नव्हतं. दुसरं वाक्य एकेकाळी मी स्वतः फळ्यावर लिहिलेलं आहे, त्यामुळे फार हसण्याचा अधिकार मला नाही.

या सगळ्या चुकांचं मूळ एकच: आधी करायचं ते नंतर केलं, किंवा केलंच नाही. म्हणून इथे ११०५ ही एकच संख्या घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊ. हाच क्रम कुठल्याही चार-पाच अंकी संख्येला चालतो.

## तयारी

बसण्याआधी तीन गोष्टी कागदावर काढून ठेवा.

१. संख्येचं वर्गमूळ, पूर्णांकापुरतं. ३३ चा वर्ग १०८९ आणि ३४ चा ११५६, म्हणजे ११०५ चं वर्गमूळ ३३ आणि ३४ च्या मध्ये आहे.

२. तिथपर्यंतच्या मूळ संख्या: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१. या यादीत १ नाही. १ ही मूळही नाही आणि संयुक्तही नाही.

३. १ ते ३३ चे वर्ग. पाठ असले तरी लिहून काढा. पुढे तिसऱ्या टप्प्यात डोळा सारखा तिकडे जाणार आहे.

मग पानावर तीन रकाने पाडा: गुणधर्म, तो कसा काढला, आणि ताळा. तिसरा रकाना रिकामा असेल तर तो गुणधर्म अजून सिद्ध झालेला नाही असं समजायचं. या लेखात ^ ही खूण घातासाठी आहे; २^३ म्हणजे ८.

सावधान: कॅल्क्युलेटर आणि स्प्रेडशीट बेरीज-गुणाकाराच्या ताळ्यापुरते वापरा. २^११०४ ही ३३३ अंकी संख्या आहे. स्प्रेडशीट तिथे एररच दाखवते. त्याहून वाईट म्हणजे मधल्या आकाराच्या संख्यांना ती एरर न दाखवता पहिले पंधरा अंक ठेवते आणि पुढचे शून्य करते. अशा संख्येची बाकी काढलीत तर उत्तर दिसायला नीटनेटकं आणि साफ चुकीचं येतं.

## टप्पा १: मूळ अवयव

पुढचं सगळं घर या पायावर उभं आहे, म्हणून इथे घाई नको.

शेवटचा अंक ५, म्हणून ५ ने भाग जातो: ११०५ = ५ × २२१. आता ११०५ विसरा आणि २२१ घ्या. २२१ चं वर्गमूळ १५ हून किंचित कमी आहे, म्हणजे आता १३ पर्यंतच्या मूळ संख्याच तपासायच्या. बरेच जण आधीची ३१ पर्यंतची यादी तशीच रेटत राहतात. त्यात चूक नाही, पण कंटाळा येतो, आणि कंटाळ्यात खरी चूक होते.

२२१ ची अंकांची बेरीज ५, म्हणून ३ ने भाग नाही. ५ ने उघडच नाही. ७ ने भागल्यास बाकी ४. ११ ने भागल्यास बाकी १. १३ ने: १३ × १७ = २२१, बाकी शून्य. १७ मूळ आहे, काम संपलं.

११०५ = ५ × १३ × १७

पुष्कळ लोक ११ पर्यंत येऊन थांबतात आणि २२१ ला मूळ ठरवून मोकळे होतात. ९१, ११९, १३३, २२१, २४७ या संख्या दिसायला मूळ वाटतात आणि निघतात संयुक्त. अशा ठिकाणी एक उलटा मार्ग वापरून पाहा: संख्येत छोटा वर्ग मिळवून पूर्ण वर्ग बनतो का? २२१ + ४ = २२५, म्हणजे २२१ = १५^२ − २^२ = १३ × १७. दोन ओळींत निकाल लागतो.

ताळा: ५ × १३ = ६५, ६५ × १७ = ११०५. गुणाकार मागल्या वाटेने न करता वेगळ्या क्रमाने करा. त्याच वाटेने परत गेलं तर तीच चूक पुन्हा दिसत नाही.

एक नोंद इथेच करून ठेवा: कुठलाही मूळ अवयव दोनदा आलेला नाही. पाचव्या टप्प्यात ही नोंद लागणार आहे.

## टप्पा २: विभाजक आणि त्यांची बेरीज

तिन्ही अवयवांचे घातांक १ आहेत, म्हणून विभाजकांची संख्या २ × २ × २ = ८. ते लिहून काढा: १, ५, १३, १७, ६५, ८५, २२१, ११०५. जोड्या लावल्या की (१, ११०५), (५, २२१), (१३, ८५), (१७, ६५). जोडीबाहेर एकही उरला नाही, आणि तसंच व्हायला हवं, कारण जोडीबाहेरचा विभाजक फक्त पूर्ण वर्गाला असतो.

विभाजकांची बेरीज: (५ + १)(१३ + १)(१७ + १) = ६ × १४ × १८ = १५१२. स्वतः ११०५ वजा केली की उरतात ४०७. ४०७ ही ११०५ हून लहान, म्हणून ही न्यून संख्या. परिपूर्ण संख्येच्या (जिथे ही बेरीज संख्येइतकीच येते) जवळपासही नाही.

सावधान: ‘प्रत्येक मूळ अवयवात १ मिळवा आणि गुणा’ हे सूत्र फक्त घातांक १ असतानाच चालतं. ४५ = ३ × ३ × ५ ला तेच लावलंत तर ४ × ४ × ६ = ९६ येईल. खरी बेरीज ७८ आहे, कारण ३ च्या वाट्याला (१ + ३ + ९) म्हणजे १३ येतात आणि १३ × ६ = ७८.

आता ११०५ हून लहान आणि तिच्याशी सहमूळ (१ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) अशा संख्या किती? (५ − १)(१३ − १)(१७ − १) = ४ × १२ × १६ = ७६८.

ताळा: दुसऱ्या मार्गाने मोजा. ११०५ पर्यंत ५ च्या पटी २२१, १३ च्या ८५, १७ च्या ६५, एकूण ३७१. दोनदा धरलेल्या पटी परत द्या: ६५ च्या १७, ८५ च्या १३, २२१ च्या ५, एकूण ३५. तिन्हींची पट १. म्हणून ११०५ − ३७१ + ३५ − १ = ७६८. जुळलं.

## टप्पा ३: दोन वर्गांची बेरीज

इथे आधी होईल की नाही ते ठरवायचं आणि मग शोधायचं. नियम असा: ४ ने भागल्यावर ३ उरणारा मूळ अवयव विषम घातांकाने आला असेल तर संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिताच येत नाही. आपल्याकडे ५, १३, १७. तिघांनाही ४ ने भागलं की १ उरतो. रस्ता मोकळा आहे.

शोधण्याचे दोन मार्ग आहेत. दोन्ही करा, एक दुसऱ्याचा ताळा.

पहिला मार्ग, वजाबाकीचा. ११०५ मधून मोठ्या वर्गापासून खाली येत वजा करा आणि उरलेला आकडा वर्गांच्या यादीत आहे का ते पाहा:

३३: १०८९ गेले, उरले १६. वर्ग आहे, ४ चा.
३२: १०२४ गेले, उरले ८१. वर्ग आहे, ९ चा.
३१: ९६१ गेले, उरले १४४. वर्ग आहे, १२ चा.
३०: उरले २०५. नाही.
२९: उरले २६४. नाही.
२८: उरले ३२१. नाही. (३२४ ला तीनच कमी, इथे डोळा फसतो.)
२७: उरले ३७६. नाही.
२६: उरले ४२९. नाही.
२५: उरले ४८०. नाही. (४८४ ला चार कमी.)
२४: ५७६ गेले, उरले ५२९. वर्ग आहे, २३ चा.

इथे थांबायचं. २३ चा वर्ग ५२९, ११०५ च्या निम्म्याहून कमी. त्याखाली गेलात तर याच जोड्या उलट्या क्रमाने पुन्हा भेटतील. दहा वजाबाक्यांत चार जोड्या: (३३, ४), (३२, ९), (३१, १२), (२४, २३).

दुसरा मार्ग जोडणीचा. दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीजच असतो. ब्रह्मगुप्ताच्या नावाने ओळखलं जाणारं हे समीकरण. (अ, ब) आणि (क, ड) या जोड्यांपासून दोन नव्या जोड्या मिळतात: एक (अक − बड, अड + बक) आणि दुसरी (अक + बड, अड − बक). उणे चिन्ह आलं तर सोडून द्या, वर्गात ते जाणारच आहे.

५ ची जोडी (१, २), १३ ची (२, ३). त्यातून ६५ च्या दोन: (४, ७) आणि (८, १). दुसरी मोठा आकडा मागे ठेवून (१, ८) अशी लिहा. आता १७ ची (१, ४) घेऊन दोन्हींना जोडा. (४, ७) मधून येतात (२४, २३) आणि (३२, ९). (१, ८) मधून (३१, १२) आणि (३३, ४). वरच्या चारही जोड्या हजर, पाचवी कुठेही नाही.

सावधान, आणि हीच माझी फळ्यावरची चूक: सूत्राने ३२ हा आकडाही येतो. ११०५ चे सर्व मूळ अवयव ४ ने भागून १ उरणारे आहेत, म्हणून ४ × (घातांक + १ यांचा गुणाकार) = ४ × ८ = ३२. पण त्यात (३३, ४), (४, ३३), (−३३, ४) असं सगळं वेगवेगळं धरलेलं असतं. क्रम आणि चिन्ह बाजूला ठेवलं की ३२ चे ४ होतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत. काय मोजलं ते शेजारी लिहिलं नाही तर दोन्ही चुकीचे.

‘चार प्रकारे लिहिता येणारी सर्वांत लहान संख्या’ हे विधान करायचं असेल तर तेही सिद्ध करावं लागतं, आणि ते अवघड नाही. चार प्रकार हवे असतील तर (घातांक + १) यांचा गुणाकार निदान ७ तरी यायला हवा, आणि त्यात ४ ने भागून १ उरणारे मूळ अवयवच धरायचे. असे तीन वेगळे अवयव घेतले तर सर्वांत लहान ५ × १३ × १७ = ११०५. दोनच घेतले तर सर्वांत स्वस्त ५ × ५ × ५ × १३ = १६२५. एकच घेतला तर ५^६ = १५६२५. म्हणून ११०५. ‘सर्वांत लहान’, ‘एकमेव’, ‘पहिली’ हे शब्द वहीत आले की मी नेहमी समासात प्रश्नचिन्ह काढतो. पुढे असा परिच्छेद असेल तर ते खोडतो.

## टप्पा ४: ११०५ कर्ण असलेले काटकोन त्रिकोण

वरच्या जोड्या हाताशी असल्या की हे दहा मिनिटांचं काम. जोडी (म, न) असेल तर बाजू म^२ − न^२ आणि २ × म × न.

(३३, ४): १०७३ आणि २६४
(३२, ९): ९४३ आणि ५७६
(३१, १२): ८१७ आणि ७४४
(२४, २३): ४७ आणि ११०४

ताळा: ११०५ चा वर्ग १२२१०२५. शेवटच्या त्रिकोणात ४७^२ = २२०९ आणि ११०४^२ = १२१८८१६; बेरीज १२२१०२५.

इथेच बहुतेक वह्या संपतात, आणि उत्तर अपुरं राहतं. हे चार त्रिकोण सामाईक अवयव नसलेले. लहान त्रिकोण मोठे करून येणारे अजून राहिले: ५, १३ आणि १७ कर्णाचा प्रत्येकी एक, ६५, ८५ आणि २२१ कर्णाचे प्रत्येकी दोन, एकूण नऊ. उदाहरणार्थ ३-४-५ ला २२१ ने गुणलं की ६६३-८८४-११०५. नऊ आणि चार मिळून १३ त्रिकोण.

ताळा: ११०५ च्या वर्गात प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक २, म्हणून ३ × ३ × ३ = २७. त्यातून शून्य बाजूचा एक वजा करून निम्मे: १३.

## टप्पा ५: फर्माची कसोटी आणि तिचा सापळा

नियम सगळ्यांना माहीत असतो: प मूळ असेल आणि अ ला प ने भाग जात नसेल, तर अ^(प − १) ला प ने भागल्यावर १ उरतो. गोंधळ होतो तो हे वाक्य उलटं वाचल्यामुळे. १ उरला म्हणून संख्या मूळ ठरत नाही. ११०५ तर या कसोटीला फसवण्यात पटाईत आहे: तिच्याशी सहमूळ असलेला कुठलाही पाया (वरचा अ) घ्या, १ च उरतो. अशा संख्यांना कारमायकेल संख्या म्हणतात. ५६१ पहिली, ११०५ दुसरी, १७२९ तिसरी.

अशी संख्या ओळखायला ७६८ पाये तपासायची गरज नाही. कोर्सेल्ट या गणितज्ञाने १८९९ मध्ये दिलेला निकष पुरेसा आहे. संयुक्त संख्येचा एकही मूळ अवयव दोनदा येता कामा नये, आणि प्रत्येक मूळ अवयव प साठी (प − १) ने (संख्या − १) ला निःशेष भाग जायला हवा.

पहिली अट पहिल्या टप्प्यातल्या नोंदीतच भागली. दुसरी: ११०४ ÷ ४ = २७६, ११०४ ÷ १२ = ९२, ११०४ ÷ १६ = ६९. तिन्ही निःशेष.

सावधान: इथे दोन चुका हटकून होतात.

पहिली, दुसऱ्या टप्प्यातला ७६८ घेऊन ‘११०४ ला ७६८ ने भाग जात नाही, म्हणून ही कारमायकेल संख्या नाही’ असं लिहिणं. ७६८ हा ४, १२, १६ यांचा गुणाकार. इथे लागतो त्यांचा लसावि, म्हणजे ४८. आणि ११०४ = ४८ × २३.

दुसरी, पाया ५, १३ किंवा १७ ची पट घेणं. ५^११०४ ला ११०५ ने भागल्यावर १ उरणं शक्यच नाही, कारण बाकीला ५ ने भाग जाणार. मग ‘कसोटी नापास, कारमायकेल नाही’ असा निष्कर्ष निघतो. पाया सहमूळ हवा.

### मग संयुक्त असल्याचं पकडायचं कसं?

समजा अवयव माहीत नाहीत. तेव्हा मिलर-राबिन कसोटी लावा. तिची कल्पना साधी आहे: मूळ संख्येने भागताना ज्याच्या वर्गाची बाकी १ येते, तो आकडा स्वतः १ किंवा (संख्या − १) यांपैकीच असतो. तिसरा कुणी सापडला की चोर सापडला.

पायरी क. ११०४ मधून २ काढत जा: ११०४ = १६ × ६९. म्हणजे आधी २^६९ ची बाकी, मग चार वेळा वर्ग.

पायरी ख. २^६९ थेट काढू नका. ६९ = ६४ + ४ + १. वर्ग करत चला आणि प्रत्येक वेळी ११०५ ने भागून बाकीच पुढे न्या:

२^४ = १६
२^८ = २५६
२^१६ = ६५५३६, बाकी ३४१ (११०५ × ५९ = ६५१९५)
२^३२: ३४१^२ = ११६२८१, बाकी २५६ (११०५ × १०५ = ११६०२५)
२^६४: पुन्हा २५६ चा वर्ग, म्हणून बाकी ३४१

(२^८ आणि २^३२ ची बाकी एकच आली. म्हणजे २^२४ ची बाकी १. चाणाक्ष माणूस इथेच थबकेल.)

२^६८: ३४१ × १६ = ५४५६, बाकी १०३६
२^६९: १०३६ × २ = २०७२, बाकी ९६७

पायरी ग. आता वर्ग करा.

९६७^२ = ९३५०८९, बाकी २५९
२५९^२ = ६७०८१, बाकी ७८१
७८१^२ = ६०९९६१, बाकी १

थांबा. ७८१ च्या वर्गाची बाकी १ आली, पण ७८१ हा ना १ आहे ना ११०४. ११०५ मूळ असती तर हे झालंच नसतं. म्हणजे ती संयुक्त. साधी फर्माची कसोटी फक्त शेवटचा १ पाहून गेली. अलीकडच्या पायरीवरचा ७८१ तिने पाहिलाच नाही.

पायरी घ. एवढ्यावर सोडू नका, हातात आलेला ७८१ वापरा. ७८० आणि ११०५ यांचा मसावि ६५. ७८२ आणि ११०५ यांचा मसावि १७. आणि ६५ × १७ = ११०५. ज्या कसोटीने ‘मूळ नाही’ एवढंच सांगायचं होतं, तिने अवयवही काढून दिले. मला या संख्येचा हा भाग सगळ्यांत जास्त आवडतो.

हे अवयव दरवेळी मिळतील असं मात्र धरू नका. बऱ्याच संयुक्त संख्यांच्या बाबतीत सगळे वर्ग करूनसुद्धा १ येतच नाही; तेव्हा संख्या संयुक्त हे कळतं, अवयव नाहीत.

ताळा: पायरी ख मधली प्रत्येक बाकी ५ ने भागून पाहा. २^६९ ला ५ ने भागल्यावर २ उरायला हवेत (२ चे घात दर चारांनी फिरतात आणि ६९ ला ४ ने भागल्यास १ उरतो). ९६७ ला ५ ने भागलं की २ उरतात. बरोबर.

## टप्पा ६: आकृतीतल्या संख्या

तेवढ्या ठिपक्यांतून त्रिकोण, दशकोन अशी नियमित आकृती रचता येते का, हा इथला प्रश्न. इथे लोक सूत्रात १, २, ३ घालत यादी करत बसतात. उलटं करा: समीकरण मांडून उत्तर पूर्णांक येतं का ते पाहा.

त्रिकोणी आहे का? ८ पट करून १ मिळवा: ८८४१. हा पूर्ण वर्ग हवा. ९४ चा वर्ग ८८३६. पाचाने हुकलं. नाही.

दशकोनी आहे का? न-वी दशकोनी संख्या ४न^२ − ३न असते, म्हणून ४न^२ − ३न = ११०५. यासाठी ९ + १६ × ११०५ = १७६८९ पूर्ण वर्ग हवा, आणि तो १३३ चा वर्ग आहे. न = (३ + १३३) ÷ ८ = १७. आहे, सतरावी. इथे भागाकार पूर्ण जातो का हेही पाहायलाच हवं. वर्ग मिळाला की लोक हुरळून जातात आणि शेवटचा भागाकार करतच नाहीत.

मध्ये एक ठिपका आणि भोवती चौकोनी कडी अशा रचनेची संख्या आहे का? म्हणजे लागोपाठच्या दोन वर्गांची बेरीज. दुप्पट करून १ वजा करा: २२०९ = ४७^२. आहे. खरं तर २३^२ + २४^२ आपल्याला तिसऱ्या टप्प्यातच मिळालं होतं, आणि चौथ्या टप्प्यातल्या त्रिकोणाची ४७ ही बाजूही तीच.

सावधान: ‘कितवी’ हे लिहिताना पहिली कुठली धरली ते सांगा. १ = ०^२ + १^२ ही पहिली धरली तर ११०५ चोविसावी. शून्यापासून मोजणारे तिला तेविसावी म्हणतील. दोघांचं भांडण निव्वळ मोजणीचं.

आणखी दोन गोष्टी, झटपट. ७^४ − ६^४ = २४०१ − १२९६ = ११०५. आणि १ ते १६९ आकड्यांच्या १३ × १३ जादूच्या चौरसात प्रत्येक ओळीची बेरीज ११०५ येते: १६९ × १७० ÷ २ = १४३६५, भागिले १३.

## टप्पा ७: संख्येचं काय आणि लिहिण्याचं काय

हा टप्पा मुद्दाम शेवटी. इथले गुणधर्म संख्येचे नसून ती कुठल्या पायात लिहिली त्याचे असतात. वहीत त्यांना वेगळ्या पानावर ठेवा.

दशमान पद्धतीत अंकांची बेरीज ७, आणि ११०५ ला ७ ने भाग जात नाही. द्विमान पद्धतीत ती १०००१०१०००१, डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच. (ताळा: १०२४ + ६४ + १६ + १.) बारा या पायात ती ७८१ अशी लिहिली जाते: ७ × १४४ + ८ × १२ + १. पाचव्या टप्प्यातला ७८१ आठवून इथे गूढ शोधू नका. तो दशमानातला ७८१ होता. अशा योगायोगांवर पानं भरणारे मी पाहिले आहेत.

१ ÷ ११०५ चं दशांश रूप थोडं विचाराचं आहे. कॅल्क्युलेटर ०.०००९०४९७७… असं काहीतरी दाखवतो आणि ‘आवर्ती नाही’ असं उत्तर येतं. परिमेय संख्या आहे, आवर्ती असणारच. पडद्यावर मावत नाही एवढंच. ५ मुळे सुरुवातीचा एक अंक आवर्तनाबाहेर राहतो. १३ चं आवर्तन ६ अंकी, १७ चं १६ अंकी. दोन्हींचा लसावि ४८, म्हणून आवर्तन ४८ अंकी. ६ × १६ = ९६ लिहिणारेही भेटतात; पाचव्या टप्प्यात ७६८ घेणारे तेच.

## हाच क्रम, दुसरी संख्या

आता लेख बाजूला ठेवून २४६५ घ्या आणि सातही टप्पे स्वतः करा. ताळ्यासाठी आकडे देतो, पण आपलं उत्तर लिहून झाल्यावरच पाहा.

अवयव ५ × १७ × २९. विभाजक ८, त्यांची बेरीज ३२४०. सहमूळ १७९२. लसावि ११२ आणि २४६४ = ११२ × २२, म्हणजे हीसुद्धा कारमायकेल संख्या. दोन वर्गांच्या जोड्या (४९, ८), (४७, १६), (४४, २३), (४१, २८). सहाव्या टप्प्यात मात्र ११०५ ची नक्कल करू नका: दुप्पट करून १ वजा केल्यावर ४९२९ येतात, आणि ७० चा वर्ग ४९००, ७१ चा ५०४१. दशकोनीची चाचणी ३९४४९ वर येऊन अडते. १९८ चा वर्ग ३९२०४, १९९ चा ३९६०१.